खोलीची बोली : न्यूयॉर्कमधल्या हॉटेलांबद्दल

आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यातली पोरं अमेरिकेत शिकायला जायला लागली त्याला आता बरीच वर्षं झाली. पोरगं गेलं की दोनेक वर्षांत पदवीदान येतं. मग आईबापाचा व्हिसा, विमानाचं तिकीट, आणि त्यानंतर राहायचं कुठं हा प्रश्न. पोरं चारपाच जणांत एक घर घेऊन राहतात, तिथं आपण मावत नाही. हॉटेलांचे भाव पाहिले की छातीत धस्स होतं. नात्यातले आणि गावातले लोक मला हे सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

लिहितोय ते इंटरनेटवर हॉटेलं आणि विमानं बुक करून देणाऱ्या प्राइसलाइन या अमेरिकन सेवेबद्दल. तिच्यावर आधी हॉटेलच्या खोलीसाठी बोली लावता यायची. ती बोली आता बंद झाली आणि तिच्या जागी नाव झाकलेल्या, म्हणजे हॉटेल कोणतं ते पैसे भरल्यावरच कळतं अशा, खोल्या स्वस्तात मिळतात. मी दोन्ही वापरल्या. माझं मत आधीच सांगतो. आजची पद्धत सोपी आहे, घाईच्या माणसाला बरी आहे. पण जुनी पद्धत गिऱ्हाइकाला जो मान द्यायची तो आजच्या पद्धतीत राहिला नाही.

२०१५ च्या मे महिन्यात मुलीचं पदवीदान होतं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा मुख्य समारंभ ब्राँक्समधल्या यांकी स्टेडियमवर होतो, म्हणजे बेसबॉलच्या मैदानावर. मुलगी राहायची हडसन नदीपलीकडं जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरजवळ, मैत्रिणींसोबत. आम्ही दोघं नवराबायको जाणार होतो. मे महिन्यात त्या शहरात बऱ्याच कॉलेजांचे समारंभ येतात, हवाही चांगली असते, त्यामुळं खोल्यांना मागणी. मॅनहॅटनमध्ये बऱ्यापैकी हॉटेलात रात्रीचे २७०-२८० डॉलर सांगत होते. तेव्हा डॉलर ६३-६४ रुपयांचा. एका रात्रीचे सतरा हजार रुपये झोपायला देणं माझ्या जिवावर आलं होतं.

एका संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, इथं एक साइट आहे. तिथं खोलीचा भाव आपणच सांगाचा."

"आपणच सांगाचा? अन् त्यानं नाही म्हटलं तर?"

"तर नाही. पैसे जात नाहीत."

"अन् हो म्हटलं तर?"

"तर तेव्हाच कापले जातात. मंग मागं फिरता येत नाही. अन् हॉटेल कोणतं ते पैसे गेल्यावरच समजते."

तिला वाटलं मी नको म्हणेन. उलट मला ते लगेच पटलं, कारण आमचा संत्र्याचा बगीचा असाच जातो. व्यापारी येतो, झाडं मोजतो, फळाचा अंदाज घेतो आणि पूर्ण बागेचा उक्ता भाव बोलतो. किती फळ निघेल ते त्याला नेमकं ठाऊक नसतं. कितीला सोडायचं ते मी त्याला सांगत नाही. जमलं तर इसार हातात पडतो आणि मग दोघांपैकी कोणाला शब्द फिरवता येत नाही. आणि फळ झाडावर थांबत नाही. वारं सुटलं की गळतं, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. हॉटेलची खोलीही तशीच. आज रात्री रिकामी राहिली तर ती रात्र उद्या विकता येत नाही. म्हणून मालक कमी भावाला तयार होतो, पण आपलं नाव लावून उघड कमी भाव लिहीत नाही, नाहीतर पूर्ण भाव देणारं गिऱ्हाईक बिघडतं. नाव झाकून विकण्यामागं एवढं साधं कारण आहे. फरक इतकाच की संत्र्यात मी विकणारा असतो, इथं मी घेणारा होतो.

प्राइसलाइन १९९८ मध्ये जे वॉकर या माणसानं अमेरिकेत सुरू केली. आधी विमानाची तिकिटं, मग हॉटेलं आणि भाड्याच्या गाड्या. 'तुमचा भाव तुम्ही सांगा' या पद्धतीचं तिनं पेटंटही घेतलं आणि त्यावरून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्पीडियावर दावासुद्धा लावला. गिऱ्हाइकानं आधी भाव बोलायचा, ही कल्पना मोलाची असल्याशिवाय एवढ्या मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या नसत्या.

बोलीची रीत अशी होती. शहर आणि तारखा टाकायच्या. शहराचे भाग पाडलेले असायचे : मिडटाउन वेस्ट, मिडटाउन ईस्ट, अप्पर वेस्ट साइड, खाली फायनान्शियल डिस्ट्रिक्ट वगैरे. त्यातला हवा तो भाग निवडायचा. मग किती ताऱ्यांचं हॉटेल ते सांगायचं, एका रात्रीचा आपला भाव लिहायचा, कार्डाचा नंबर द्यायचा. मिनिटभरात उत्तर. हो आलं तर पैसे कापले, हॉटेलचं नाव समोर. ना रद्द, ना बदल, ना परतावा. नाही आलं तर त्याच मागणीवर लगेच दुसरा भाव बोलता येत नसे. एक दिवस थांबायचं, किंवा मागणीत काहीतरी बदलायचं : नवा भाग जोडायचा, तारे बदलायचे, तारीख बदलायची.

या शेवटच्या अटीतच बोली लावणाऱ्याची खरी कसब होती. नवा भाग जोडला की पुन्हा बोली लावता येते. पण जोडलेल्या भागात आपल्याला राहायचंच नसेल तर? तर असा भाग जोडायचा जिथं आपण मागितलेल्या ताऱ्यांचं हॉटेलच नाही. तीन ताऱ्यांच्या खाली हॉटेल देणार नाही असा सेवेचा शब्द, आणि त्या भागात सगळी दोन-अडीच ताऱ्यांचीच हॉटेलं, म्हणजे तिथली खोली गळ्यात पडायचा धोका नाही. बोली मात्र पुन्हा लावायला मिळते. यात फसवणूक काही नव्हती, नियमात बसणारी गोष्ट होती. फक्त आधी बसून कोणत्या भागात किती ताऱ्यांची हॉटेलं आहेत याची यादी करावी लागायची. मुलीनं ती केली. ती एवढ्या बारकाईनं केलेली होती की पाहून मला तिच्या पदवीइतकाच अभिमान वाटला.

भाग निवडायला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला, आणि कोणीही द्यावा. भावावर लोक तासन्‌तास बोलतात, भागावर पाच मिनिटं देत नाहीत. मी वहीच्या कोऱ्या पानावर नकाशा काढून घेतला. आमचं विमान नेवार्कला उतरणार होतं. तिथून एनजे ट्रान्झिटची रेल्वे थेट पेन स्टेशनला येते, म्हणजे चौतिसाव्या रस्त्यावर. मुलगी राहायची त्या जर्नल स्क्वेअरहून पाथ रेल्वे थेट तेहतिसाव्या रस्त्याला येते. यांकी स्टेडियमला जाणारी डी गाडी हेराल्ड स्क्वेअरहून मिळते, तेही चौतिसाव्या रस्त्यावरच. तिन्ही वाटा एका ठिकाणी येत होत्या. म्हणून मिडटाउन वेस्ट. पण भाग मोठा असतो. हॉटेल स्टेशनसमोर निघेल की पार नदीकाठच्या अकराव्या अव्हेन्यूवर, ते आपल्या हातात नाही. म्हणून मी मुलीला एकच प्रश्न विचारला : या भागाच्या सर्वांत गैरसोयीच्या टोकाला हॉटेल निघालं तरी चालेल का? ती म्हणाली, चालेल, तिथूनही पंचवीस मिनिटांत चालत येता येतं. मग आम्ही तो भाग धरला. नाव झाकलेली कोणतीही खोली घेताना हा प्रश्न स्वतःला विचाराच. उत्तर 'नाही' असेल तर तो भाग सोडून द्या, भाव कितीही लागो.

भाव मी ठरवला. वरची हद्द आधी कागदावर लिहिली : १६० डॉलर, कर सोडून. त्याच्या वर एक डॉलर नाही. आमच्याकडं आठ वाजायचे तेव्हा तिच्याकडं सकाळचे साडेदहा. मी वहीपाशी, ती संगणकापाशी. ११० वर नाही आलं. एक भाग जोडून १२५ बोललो, नाही. पुढं थोडं सरकलो, तरी नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, सरळ १६० टाकू का?" मी नाही म्हटलं. दिवस आपल्या हाताशी होते आणि विकणाऱ्याला आपली हद्द दिसत नव्हती, मग घाई कशाला? दुसऱ्या दिवशी १५० वर हो आलं. हॉटेल निघालं हेराल्ड स्क्वेअरपासून चालत सातआठ मिनिटांवर. उघड्या भावात तीच खोली त्याच दिवशी २६९ ला दिसत होती.

आता कराचं बोलतो, कारण इथं नातेवाईक हमखास गडबडतात. न्यूयॉर्क शहरात हॉटेलच्या खोलीवर सगळे मिळून १४.७५ टक्के कर लागतो आणि वर दर रात्रीला साडेतीन डॉलर वेगळे. त्यात सेवेची आपली फी. म्हणजे १५० ची खोली १८० च्या आसपास जाऊन बसते. हा आकडा पैसे कापण्याआधी पडद्यावर दिसायचा, लपवलेला नसायचा. पण बोली लावताना डोक्यात १५० च असतात. म्हणून हद्द ठरवताना कर धरूनच ठरवावी.

खोली कशी होती? लहान. पलंग, खुर्ची, भिंतीत टीव्ही, आणि बॅग उघडली की चालायला जागा नाही. आमच्या घरची मंडळी दारातच म्हणाली, "माय वो, एवढीशी?" पण चादरी स्वच्छ, न्हाणीघरात चोवीस तास गरम पाणी, रात्री गोंधळ नाही. त्या शहरात मध्यभागी खोल्या लहानच असतात, भाव कोणताही द्या. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या : अशा सौद्यात फक्त दोन माणसांची जागा पक्की असते. पलंग एक मोठा की दोन वेगळे, खिडकीतून काय दिसतं, कोणता मजला, हे विनंती करून मागता येतं, हक्कानं नाही. तिसऱ्या माणसाला घेऊन जायचा विचार असेल तर ही वाट तुमची नाही. पूर्ण भाव द्या, दोन पलंगांची खोली नावानिशी बुक करा.

ताऱ्यांबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडं पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देतं. अमेरिकेत सरकारचं असं वर्गीकरण नाही. प्रत्येक बुकिंग सेवा आपापल्या पद्धतीनं तारे लावते. एकीकडं साडेतीन तारे असलेलं हॉटेल दुसरीकडं तीनवर दिसतं. त्यामुळं ज्या सेवेवर पैसे देणार तिचेच तारे धरा.

आम्ही शाकाहारी. हॉटेलात न्याहारी नव्हती, आणि बोलीच्या खोलीत ती धरूही नये. लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर सत्तावीस-अठ्ठावीसाव्या रस्त्याच्या आसपास भारतीय खानावळी आणि किराणा दुकानं आहेत. तिथं इडली-डोसा मिळाला. आमच्या हॉटेलपासून ते पायी जायच्या अंतरावर होतं. सोबत नेलेला चिवडा दुपारी कामी आला.

ही बोली मला एवढी आवडायचं खरं कारण पैसा वाचला हे नाही. संत्रा उत्पादक म्हणून उभ्या आयुष्यात मला भाव कोणी विचारला नाही. व्यापारी भाव सांगतो, मी मान हलवतो किंवा नाही हलवत. औषधाच्या दुकानात भाव छापील. खताचा भाव पोत्यावर. ड्रिपच्या नळ्यांचा भाव कंपनीचा. आमचे वरुड-मोर्शी तालुके भूजलाच्या नकाशावर अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले आहेत. बोअर किती फूट न्यायचं ते पाणी ठरवतं आणि फुटाचा दर मशीनवाला ठरवतो. अशा माणसाला कोणीतरी म्हटलं की 'तुम्ही सांगा, कितीला घेता', आणि त्यानं सांगितलेला आकडा न्यूयॉर्कमधल्या एखाद्या हॉटेलानं मान्य केला, तर त्याला काय वाटत असेल? मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

विमानाच्या तिकिटांची बोली प्राइसलाइननं २०१६ मध्ये थांबवली. पुढं हॉटेलांचीही गेली. आता कोणी जुनं वाचून ती शोधत बसू नका, सापडणार नाही.

तिच्या जागी आहे 'एक्स्प्रेस डील्स'. हा प्रकार त्यांनी २०१२ पासूनच बोलीच्या शेजारी सुरू केला होता. यात भाव तेच सांगतात. भाग, तारे, आधीच्या पाहुण्यांनी दिलेले गुण आणि ठळक सोयी दिसतात, नाव दिसत नाही. पैसे भरले की नाव कळतं, परतावा नाही. आणखी एक प्रकार आहे, त्यात तीन हॉटेलांची नावं दाखवतात आणि त्यातलं एक मिळतं. तिन्हीपैकी कोणतंही चालत असेल तर तो नवख्या माणसाला सर्वांत सुरक्षित, कारण कोपरा कोणता निघेल ही धाकधूक राहत नाही.

एक्स्प्रेस डील आम्ही घेतली २०२४ च्या जानेवारीत. संत्र्याचा आंबिया बहार विकून मोकळे झालो होतो आणि मुलीच्या बाळंतपणाला गेलो होतो. ती आता न्यू जर्सीत एडिसनला राहते, ओक ट्री रोडजवळ, तिथं जागेचा प्रश्न नाही. पण माझा साळा आणि त्याची बायको अमरावतीहून फिरायला आले आणि त्यांना एक शनिवार-रविवार मॅनहॅटनमध्येच काढायचा होता. जानेवारी-फेब्रुवारी हे त्या शहरात सर्वांत स्वस्त दिवस. थंडी कडाक्याची, पण खोली मिळते. भाग निवडला फायनान्शियल डिस्ट्रिक्ट. तिथली हॉटेलं आठवडाभर बँकांच्या, ऑफिसांच्या लोकांनी भरतात आणि शनिवारी रिकामी होतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिथं भाव उतरतो. टाइम्स स्क्वेअरला सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, तिथं हे जमत नाही. शिवाय वर्ल्ड ट्रेड सेंटरचं स्मारक चालत, आणि स्टेटन आयलंडला जाणारी बोट तिथूनच सुटते. ती बोट फुकट आहे आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या बऱ्यापैकी जवळून जाते. पुतळ्याच्या बेटावर उतरायचं नसेल, नुसता पाहायचा असेल, तर तिकीट काढायची गरज नाही.

चार ताऱ्यांची खोली ११८ डॉलरला मिळाली, कर वेगळा. मुलीनं झाकलेलं नाव आधीच ओळखलं होतं. दिसणारे गुण, तारे आणि सोयी उघड्या यादीतल्या हॉटेलांशी ताडून पाहिले की दोनतीन नावं उरतात. ही मेहनत घ्यावी. अर्धा तास जातो, पण डोळे झाकून पैसे टाकल्यासारखं होत नाही.

काउंटरवर मात्र नवीनच आकडा समोर आला. रात्रीला ३५ डॉलर 'डेस्टिनेशन फी', त्यावर कर. कशाचे? वाय-फायचे, लॉबीतल्या कॉफीचे, फोन करण्याचे. ज्या गोष्टी साळ्यानं मागितल्या नाहीत आणि वापरल्या नाहीत, त्यांचे पैसे. तो बराच वेळ भांडला, त्यांनी ऐकलं नाही. हॉटेलचं नाव मी इथं घेत नाही, कारण हे तेव्हा त्या शहरात अनेक हॉटेलं करत होती. ११८ ची खोली अशी १८० च्या घरात गेली. या गोष्टीचा मला राग आला तो अजून आहे. भाव एकदा ठरला की ठरला. दारात पोचलेल्या, बॅगा हातात असलेल्या माणसाकडून जास्तीचं मागणं हा व्यवहार नव्हे.

पुढं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला आणि तो १२ मे २०२५ पासून लागू झाला. हॉटेलनं आणि बुकिंग करून देणाऱ्यांनी अशी सक्तीची फी धरूनच एकूण भाव दाखवायचा. सरकारी कर मात्र वेगळे दाखवलेले चालतात. उशिरा का होईना, हे झालं याचा मला मनापासून आनंद आहे. आता तिकडं जाणाऱ्यांनी दाखवलेला भाव आणि पैसे भरायच्या आधीचा शेवटचा आकडा दोन्ही लिहून घ्यावेत, आणि काउंटरवर त्याहून जास्त मागितलं तर तो कागद दाखवावा.

२०२३ च्या सप्टेंबरपासून त्या शहरात एक आणखी बदल झाला आहे. घरमालक तिथं राहत नसेल तर तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीनं घर भाड्यानं देता येत नाही, नोंदणीचे नियम कडक झाले. त्यामुळं एअरबीएनबीवर स्वस्त घर शोधायचा जुना सल्ला आता न्यूयॉर्कला लागू पडत नाही. नदीपलीकडं जर्सी सिटीतली हॉटेलं पाहा. पाथनं वर्ल्ड ट्रेड सेंटरला पोचायला वेळ लागत नाही.

कार्डाचं सांगायचं राहिलं. खोलीचे पैसे आधी दिलेले असले तरी काउंटरवर पुन्हा कार्ड मागतात, मोडतोड किंवा खाण्याच्या बिलापोटी काही रक्कम अडकवून ठेवतात आणि आपण निघाल्यावर ती सोडतात. आपलं डेबिट कार्ड दिलं तर ते पैसे खात्यातून अडकतात आणि परत दिसायला बरेच दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्ड न्या. बुकिंग मुलांनी केलं तरी ते राहणाऱ्याच्या नावानं, पासपोर्टवर आहे तसंच, करायला सांगा. आणि खोली दुपारी तीनच्या आसपास मिळते. विमान सकाळी उतरत असेल तर बॅगा काउंटरवर ठेवून घेतात, त्याचं दडपण घेऊ नका.

आता मुंबईचं. आमच्याकडं बरेच जण विचारतात की असं मुंबईत जमतं का. प्राइसलाइन ज्या समूहाची आहे त्याच समूहाची अगोडा आपल्याकडं चालते आणि तिच्यावरही नाव झाकलेल्या खोल्या मिळाल्या आहेत. लग्नाला, परीक्षेला, व्हिसाच्या मुलाखतीला जात असाल, तारीख पक्की असेल, तर जरूर पाहा. करही आता हलका झाला आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८. पण मुंबईत 'अंधेरी' म्हणजे स्टेशनाजवळही अंधेरी आणि पार आत तासाभराच्या अंतरावरही अंधेरी. कोपऱ्याचा प्रश्न तिथं दुप्पट मोठा.

आणि एका कामासाठी हात जोडून सांगतो, असली खोली घेऊच नका. परळला टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन जाताना. अमरावतीहून अंबा एक्स्प्रेसनं जाणाऱ्यांत अशी माणसं मी पाहिली आहेत, आमच्या घरातूनही गेलो आहोत. आज तपासणी, उद्या रिपोर्ट, रिपोर्ट आला नाही, परवा या. सोमवारचं गुरुवारी होतं. दोनशे-चारशे रुपये वाचवायला परतावा नसलेली खोली घेतली की ती रात्र वाया जाते आणि नवी खोली वेगळी घ्यावी लागते. त्या दिवसांत माणसाच्या डोक्याला आधीच ताण असतो, त्यात हा हिशोब नको. आधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या त्या माणसाच्या नावानं ती उभी आहे आणि पेशंटच्या नातेवाइकांना तिचा फार मोठा आधार आहे. तिथं जागा नसेल तर परळ-दादरमध्ये साधी, रद्द करता येणारी खोली, भाव थोडा जास्त लागला तरी.

शेंदुरजनाघाटचे एक मित्र आणि त्यांच्या घरच्या येत्या मे महिन्यात मुलाच्या पदवीदानाला न्यूयॉर्कला जाणार आहेत. परवा वही घेऊन आले होते. त्यांना मी सांगितलं : मुलाला म्हणा, समारंभाची तारीख कॉलेजकडून पक्की येईपर्यंत रद्द करता येणारी खोली धरून ठेव. तारीख पक्की झाली की एक्स्प्रेस डील रोज पाहत जा. तीन तारे, मिडटाउन वेस्ट किंवा जर्सी सिटी, सगळं धरून २३० डॉलरच्या आत. तेवढ्यात मिळाली तर आधीची रद्द कर, मिळाली नाही तर आधीचीच ठेव. रद्द करायची शेवटची तारीख कोणती ते मात्र आजच लिहून ठेवा म्हटलं, आणि त्यांनी ती तिथंच मुलाला फोन लावून विचारली.